मुदत पाच वर्षांची

मेंढरांचा तळ, कराडजवळ
द्वारा इंद्रजित पाटील
२० मे २०१४

ती. बाईंना धोंडुबाईचा नमस्कार.

वळखलं का? पांढरमाळच्या साक्षरता वर्गात मागच्या रांगेला बसायची, पाटी पुसायला थुंकी लावली म्हणून तुमी जिला हुबं केलं व्हतं, ती धोंडुबाई मेटकरी. सोळा वर्सं झाली त्येला. तुमी रिटायर हुन वाईला गेलात ह्ये शाळेत कळलं, पत्ता तिथनंच घेतला. फोन हाय माज्याकडं. पर तळावर चार्जिंग कवा असतंय, कवा न्हाई. आन् फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. कागूद ऱ्हातो. म्हणून लिवती.

दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला उतरतो, लोकांच्या रानात खतासाठी बसवतो आन् मृगाला माघारी घरी जातो, ह्ये तुमाला ठावंच हाय. औंदा सतरा एप्रिलला मतदान व्हतं. आमचा मालक कोंडीबा म्हणाला, "तुजं एक मत न्हाई पडलं तर सरकार अडतंय व्हय गं?" मी म्हणलं, सरकार अडत न्हाई, मी अडती. दोन यष्ट्या आन् एक जीप बदलून गावी गेली. उन्हात दोन तास रांगेला हुबी ऱ्हायली. माजा लंबर आला तवा तितला साहेब म्हणाला, "मावशी, तुमचं नाव न्हाई."

मी म्हणलं, यादी हिकडं करा, मला वाचता येतं. त्यो हसला. पर मी वाचलीच. शेवटच्या पानावर काडून टाकल्याल्या नावांची यादी व्हती, त्यात मी घावली. मेटकरी धोंडुबाई कोंडीबा. म्होरं लिवलं व्हतं, ‘कायमचे स्थलांतरित’. कोंडीबाचं बी तसंच, आन् आमच्या वस्तीतल्या आनी बारा जणांचं. बाई, मी त्येच्यासमोर हुबी, पायाला पांढरमाळचीच माती, आन् कागदावर मी गाव सोडून कायमची गेल्याली! काडायच्या आदी दारावर नोटीस डकवली व्हती म्हणं. ती शेजारच्या अंजनाच्या शेरडानं खाल्ली.

परवा सोळा तारखेला, ज्येंच्या रानात मेंढरं बसवल्यात त्या इंद्रजितदादांच्या सोप्यात समदी टीव्हीम्होरं बसली व्हती. तीस वर्सांनी एकाच पक्षाला पुरं बहुमत, म्हणून दादांनी पेढं वाटलं. मी पेढा खाल्ला न्हाई. सरकार बरं का वाईट त्ये मागनं बगू. माज्याबिगार झालं ह्येचा मला राग हाय.

आता सांगा. बहुमत म्हंजी नक्की किती? नाव परत कसं घालायचं? आन् आमी कायमची गेलो असं लिवलं कुणी? सरकारची मुदत पाच वर्सं म्हणं. माजी बी तीच. त्येंची मुदत सरायच्या आत माजं नाव यादीत जाणार म्हंजी जाणार.

तुमची
धोंडुबाई


वाई
२९ मे २०१४

सौ. धोंडुबाई यांस शकुंतला शेंडे हिचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा आनंदानं आणि एकदा काळजीनं. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले दीर, शेजारीच बसले होते. त्यांना अक्षर दाखवलं. म्हणाले, "शकुंतलाबाई, ही बाई शिकली तुमच्याकडे, पण अक्षर तुमच्यापेक्षा बरं काढते." तात्या ऐंशीला टेकलेत, कानानं कमी ऐकतात, पण पेपर चार तास वाचतात. सोळा तारखेपासून या घरात सरकार सोडून दुसरा विषय नाही.

बहुमताचं विचारलंत. लोकसभेत निवडून आलेले खासदार पाचशे त्रेचाळीस. त्यांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे निदान दोनशे बहात्तर, ज्यांच्याकडे, त्यांचं सरकार. इतकी वर्षं चार पक्षांची मोट बांधून हा आकडा गाठावा लागायचा आणि मोट सुटली की सरकार पडायचं. आता एकाच पक्षाकडे आकडा आहे, म्हणजे पाच वर्षं बहुधा पुरी होतील. तुमची मुदत पक्की समजा.

नाव घालायला नमुना क्रमांक सहा भरायचा. कोरा फॉर्म सोबत पाठवते. रेशनकार्डाची प्रत जोडा, फोटो लावा आणि तालुक्याला देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

कोणी लिहिलं हे शोधण्यात काय हशील आहे? त्या कामाला शेकडो माणसं असतात. झालं ते झालं. पुढचं बघू या.

तुमची
शकुंतला शेंडे


तळ, कराडजवळ
१० फेब्रुवारी २०१५

ती. बाईंना नमस्कार.

तुमी म्हणाला तसं जुलैला फारम दिला, पोच घेतली. पोच प्लास्टिकात घालून पिशवीत ठिवलीय. आन् फारम नापास झाला! ‘रहिवास आढळला नाही.’ आता ऐका कसं झालं त्ये.

साहेब पडताळणीला आला डिसेंबरात. आमी तवा हितं तळावर. दिवाळी झाली की दाराला कडी घालून बोरीचा काटा आडवा लावायचा, चावी अंजनाकडं, ही आमची रीत. साहेबानं काटा बगितला. मग खिडकीतनं आत डोकावला आन् अंजनाला म्हणाला, "देव्हारा बी रिकामा हाय. देव उचलून नेलं म्हंजी ही माणसं आता येत न्हाईत." अंजना वरडतीया, आवं येत्यात, मृगाला येत्यात! पर त्येनं लिवायचं त्ये लिवलं आन् फटफटीला किक मारली.

बाई, मला सांगा, देव रिकाम्या घरात कोंडून आमी कुठं जायचं? आमचा बिरोबा आमच्यासंगं. देवाचं टाक फडक्यात गुंडाळायचं, पाटीत घालायचं, आन् पाटी घोड्यावर सगळ्यात म्होरं. मेंढराला लांडग्यापास्नं राखायचं ते त्येनं. त्यो घरी बसला तर तळावर राखणीला कोण? ज्येच्या घरात देव हाय त्यो गावचा, आन् ज्येचा देव संगट चालतो त्यो कुठलाच न्हाई, असा कायदा हाय व्हय?

कोंडीबा म्हणतो सोड आता. मी म्हणलं, काटा मोडला म्हणून कोण पाय कापून टाकतं का? चार वर्सं हाईत अजून.

धोंडुबाई


वाई
२ मार्च २०१५

सौ. धोंडुबाई यांस नमस्कार.

देवांचं वाचलं. मला हे ठाऊक नव्हतं. तुमच्या गावात तीन पावसाळे शिकवलं, पण तुमच्या मागं घर कसं दिसतं ते कधी बघितलं नव्हतं.

दोन पत्रं लिहून फाडली, हे तिसरं. यात फक्त कामाचं लिहिते. या वर्षी मृगाला घरी पोचलात की आठ दिवसांत अर्ज द्या. ग्रामसेवकाचा दाखला जोडा. तात्यांचा नमस्कार.

शकुंतला शेंडे


तळ, कराडजवळ
१९ डिसेंबर २०१६

ती. बाईंना नमस्कार.

लय दिस झालं. पंधरा साली अर्ज दिला त्यो त्येंच्याकडनं हरवला. पोच दाखवली तर म्हणाले, पोच खरी हाय पर अर्ज न्हाई. औंदा परत गेली. तितला कारकून म्हणाला, "मावशी, तुमचं नाव वगळल्यालं हाय. का वगळलं त्यो मूळ कागूद बगितल्याबिगर घेता येत न्हाई." मी म्हणलं, कागूद तुमच्याच कपाटात, बगा की. तर म्हणतो, माहितीचा अधिकार लावा.

लावला! धा रुपयाचा स्टांप चिकटवून माज्या हातानं अर्ज लिवला. ‘अर्जदार साक्षर आहे’ ह्ये बी वर लिवलं, न्हाईतर अंगठ्याचं पॅड म्होरं सरकवत्यात.

हिकडं नोटा बंद झाल्या तवा तळावरच्या समद्या बायकांच्या स्लिपा मी भरल्या. बँकेतला पोरगा म्हणाला, मावशी शिकल्याल्या दिसता. मी म्हणलं, आमच्या बाईंनी शिकवलं. दादा म्हणतात बहुमताचं सरकार हाय म्हणून असं एका रातीत करू शकलं. आसंल. म्हणूनच म्हणती, असल्या जोरकस सरकाराला हो म्हणाया न्हाईतर न्हाई म्हणाया माजं मत पायजे. मुकं बसून काय व्हतंय?

आता त्यो मूळ कागूद यायचा हाय. आला की पयली सही बगणार. लिवणाऱ्यानं खाली सही केली आसंलच की. त्येला मी एकच इचारणार हाय, वीस पावलांवर अंजनाचं दार व्हतं, तितं जाऊन का इचारलं न्हाई?

धोंडुबाई


वाई
८ जानेवारी २०१७

धोंडुबाई,

सही माझी आहे.

तो कागद तुमच्या हातात पडण्याआधी हे पत्र पडावं म्हणून लिहिते आहे. तेवढी तरी लाज राखते.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. माझी शाळा तेव्हा दुसऱ्या गावात, पण पांढरमाळची मतदारयादी तपासायचं काम माझ्याकडे दिलं होतं. डिसेंबर २०१२. संध्याकाळपर्यंत यादी द्यायची होती आणि चाळीस घरं बाकी. तुमच्या वस्तीवर आले. काटा बघितला. तुम्ही मेंढरांमागे गेला असाल आणि मृगाला याल, हे मला कळत होतं. खरंच सांगते, मी ‘तात्पुरते बाहेर’ असंच लिहिणार होते. मग खिडकीतून आत बघितलं. देव्हारा रिकामा. मग बाकीची घरं बघितली, तिथंही तेच.

आमच्याकडे देव घराबाहेर काढतात ते एकदाच, घर कायमचं मोडताना. आम्ही सासऱ्यांचं जुनं घर सोडलं तेव्हा भांडी, कपाटं, गाद्या सगळं आधी गेलं आणि शेवटी सासूबाई पदराखाली देव घेऊन निघाल्या. त्या दिवशी त्या रडल्या तशा नंतर कधी रडल्या नाहीत. तो रिकामा कोनाडा माझ्या डोक्यात इतका पक्का बसलेला की तुमचा देव्हारा बघितला आणि मनात म्हटलं, गेली बिचारी, घर सोडून गेली. मला वाईटसुद्धा वाटलं. वाईट वाटून घेत घेत मी चौदा नावांपुढे ‘कायमचे स्थलांतरित’ लिहिलं.

अंजनाचं दार वीस पावलांवर होतं. मी गेले नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं होतं. अडीच वर्षं गप्प बसले. तुम्ही ‘आमच्या बाईंनी शिकवलं’ लिहिलंत आणि मी ते पत्र उलटं घालून ठेवलं. तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडाल ही भीती होती, बाकी काही नाही. मला माफ करा.

शकुंतला


वाई
दिवाळी पाडवा, २०१७

धोंडुबाई, तुमचं पत्र नाही. बरोबरच आहे. पण अर्जाचं काय झालं, तेवढं एका ओळीत कळवा.

शकुंतला


मु. पांढरमाळ, जि. सांगली
१८ जून २०१८

बाई,

दीड वर्स पत्र लिवलं न्हाई. रागानं लिवलं न्हाई. खोटं कशाला बोलू?

आता माजंबी एक ऐका. त्यो कागूद यायचा हाय म्हणून मी लिवलं, तवा त्यो माज्या पिशवीत व्हता. दिवाळीच्या आदीच आला व्हता. सही वाचायची बी गरज पडली न्हाई. ज्या हातानं माज्या पाटीवर अक्षरं गिरवून दिली त्यो हात मी वळखणार न्हाई व्हय? ‘मेटकरी’तला मे बगितला आन् तव्यावरची भाकरी जळू दिली. कोंडीबा म्हणाला, काय झालं गं, कोण गेलं का? मी म्हणलं, व्हय, मीच गेलीया, कायमची.

लय रडली. मग तुमाला तसं पत्र लिवलं. म्हणलं बगू, बाई सवताहून सांगत्यात का. तुमी सांगितलं. त्ये पत्र बी पिशवीत हाय, पोचंच्या शेजारी.

तरी राग गेला न्हाई. चुकीचा न्हाई, चुकी कुणाला बी व्हती. तुमी अडीच वर्सं मला फारम लंबर सहा पाठवत बसलात, त्येचा राग. आन् आता ऐका, वस्तीतला ज्योतिबा आजा मागल्या फाल्गुनात गेला. चौदातला एक. त्यो मला इचारायचा, "धोंडे, नाव आलं का गं?" मरायच्या आदल्या दिशी बी इचारलं. चौदाचं तेरा झालं, बाई.

माफी मागितलीत. माफीचं मी काय करू? भाकरीसंगं खाऊ? मला माफी नगं, सही पायजे. हितं या. तालुक्याला माज्यासंगं चला आन् साहेबाम्होरं लिवून द्या, माजी चूक झाली म्हणून. ज्या हातानं काडलं त्याच हातानं घालायचं.

सरकारचं अकरा म्हैनं ऱ्हायल्यात. दिवाळीपतूर आमी घरी हाय.

धोंडुबाई


मु. पांढरमाळ
९ डिसेंबर २०१८

प्रिय धोंडुबाई,

हे पत्र तुमच्याच घरातून तुमच्या तळावर पाठवते आहे, याची मलाच गंमत वाटते. काम झालं. आधी तेच सांगते, नाहीतर तुम्ही चिडाल.

ऑगस्टमध्ये आपण तालुक्याला गेलो तेव्हा माझं प्रतिज्ञापत्र वाचून तो साहेब म्हणाला, "बाई, कशाला स्वतःवर ओढवून घेता?" तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "तिचं तिनं वडलंय, तिलाच निस्तरू द्या." मला तिथं हसू आलं आणि घरी येऊन रडू आलं. पण खरी अडचण पुढेच होती, नाही का? घरपडताळणी पुन्हा दिवाळीनंतर, म्हणजे पुन्हा काटा आणि पुन्हा रिकामा देव्हारा. तुम्ही मेंढरं सोडून थांबायला निघालात. मी म्हटलं, नको, तुम्ही चला आपल्या वाटेनं. राखण मी करते.

तर आज सव्वीस दिवस मी इथं आहे. काटा काढून ठेवलाय, दार दिवसभर उघडं असतं. तुमचा बिरोबा गेल्यावर तो कोनाडा बघून मला चैन पडेना, म्हणून वाईहून निघताना माझे देव, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, डब्यात घालून आणले होते ते मांडले. विंचू दोन निघाले. भाकरी माझी अजून कडेला फाटते, अंजना बघून तोंड फिरवते आणि मग स्वतःच दोन थापून देते.

काल दुपारी साहेब आला. नवाच आहे, तरुण. खिडकीतून डोकावला नाही, कारण मी दारातच खुर्ची टाकून बसले होते. आत आला, देव्हारा बघितला आणि म्हणाला, "देव आहेत, म्हणजे माणसं आहेत." मी म्हटलं, "थांबा. हे देव माझे आहेत. या घरचे देव मेंढरांमागं गेलेत. मृगाला येतील. आणि देव येतात तेव्हा माणसं येतात. हे लिहून घ्या." त्यानं पेनाचं टोपण काढलं. मग लिहून घेतलं. सरकारला दोनशे बहात्तर लागतात, आपल्याला फक्त दोन पंचांच्या सह्या लागत होत्या. एक अंजनानं केली, एक पोलिसपाटलांनी. वस्तीतल्या तेराच्या तेरा नावांची घरं मी त्याला दारोदार फिरवून दाखवली. या वेळी एकही दार सोडलं नाही.

‘हंगामी बाहेर, कायम रहिवासी.’ तुमच्या नावापुढे असं लिहिलंय. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

ज्योतिबा आजांचं घरही दाखवलं. त्यांचं शेवटचं मत माझ्यामुळे गेलं. ते काही केल्या परत येत नाही, धोंडुबाई.

आणखी आठ दिवस राहून जाईन. तात्या वाईला एकटे आहेत, फोनवर "देव कधी आणता?" एवढंच विचारतात.

शकुंतला


तळ, कराडजवळ
२६ मे २०१९

ती. बाईंना धोंडुबाईचा लय लय नमस्कार.

तेवीस एप्रिलला मत दिलं! तवापास्नं लिवीन म्हणत व्हती, पर म्हणलं निकाल लागू द्या.

कोंडीबा आदल्या दिशी गावी जाणार, मी मतदानाच्या दिशी पहाटं निघणार आन् मेंढरं दादांचा गडी बगणार, असं ठरलं व्हतं. मी पहाटंची यष्टी धरली तर ती विट्याच्या अलीकडं बंद पडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी दोन तासानं. मी चालाय लागली. मेंढरामागं आयुष्यभर चालली, सरकारामागं चार कोस चालायला काय झालं? म्होरं एका टेंपोवाल्यानं घेतलं. साडेचारला पोचली.

साहेबानं यादी उघडली. मी हात जोडून न्हाई हुबी ऱ्हायली, हात कमरंवर ठिवून हुबी ऱ्हायली. त्येनं मोठ्यांदी वाचलं, "मेटकरी धोंडुबाई कोंडीबा." त्येच्या मागं बसल्याल्या पक्षांच्या दोन-तीन पोरांनी आपापल्या यादीत खूण केली. एवढंच. एवढ्यासाठी पाच वर्सं, बाई! अंगठ्याचं पॅड म्होरं सरकवलं, ते मी माघारी सरकवलं आन् सही केली. कुणाला दिलं त्ये इचारू नगा. कोंडीबालाबी सांगितलं न्हाई. त्यो दोन दिस रुसला व्हता.

परवा इंद्रजितदादांच्या सोप्यात परत टीव्ही, परत बहुमत, परत पेढं. ह्या बारीला मी पेढा खाल्ला. जिंकलं कोण म्हणून न्हाई. मोजल्याल्यात मी हाय म्हणून. माजं मत जिंकल्यालं आसंल न्हाईतर हरल्यालं आसंल, पर हाय तिथं.

तुमी वाईत कवा गेला मताला? सकाळीच गेला असशीला. तात्यांना नमस्कार सांगा.

धोंडुबाई


वाई
२ जून २०१९

प्रिय धोंडुबाई,

तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला की मला लिहायचं होतं ते लिहावं की नाही असा प्रश्न पडला. पण एकदा लपवून बघितलंय, त्याचं काय होतं ते ठाऊक आहे. तर सांगते.

मी मत दिलं नाही. मला देता आलं नाही. सकाळी सातला तात्यांना घेऊन केंद्रावर गेले. तात्यांचं नाव होतं, माझं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात मी तुमच्या घरात बसले होते, त्याच दिवसांत आमच्याकडे पडताळणी झाली. साहेबानं विचारलं, शकुंतला शेंडे कुठे आहेत? तात्यांना निम्मं ऐकू आलं. म्हणाले, "शकुंतलाबाई सांगली जिल्ह्यात राहायला गेल्या." तो म्हणाला, परत कधी येणार? तात्यांनी त्याला आत नेऊन देवघर दाखवलं आणि म्हणाले, "काय सांगू, देवसुद्धा घेऊन गेल्या!" मग नोटीस आली. तात्यांनी ती माझ्या नावाची म्हणून नीट घडी घालून पंचांगात ठेवली आणि विसरले. तिथंच सापडली.

यादीत मी कायमची स्थलांतरित आहे.

चाळीस वर्षं दुसऱ्यांची मतदानकेंद्रं सांभाळली मी. त्या खोलीच्या दारात उभी होते आणि आतला मुलगा म्हणाला, "काकू, बाजूला व्हा, मागं रांग आहे." धोंडुबाई, तेव्हा मला तुमचं पहिलं पत्र पहिल्यांदा खरं कळलं. तात्या सारखे "माझं चुकलं, माझं चुकलं" म्हणतात. मी रागावले नाही. मी कुठल्या तोंडानं रागावू? पण घरी येऊन दार लावून घेतलं आणि पुष्कळ रडले.

वय चौसष्ट. पुढची निवडणूक पाच वर्षांनी. बघू काय होतं ते.

शकुंतला


मु. पांढरमाळ
१२ जून २०१९

ती. बाईंना नमस्कार.

परवाच घरी पोचलो. बिरोबा कोनाड्यात बसला, काटा काडून परड्यात टाकला. पयली भाकरी थापली आन् तुमचं पत्र वाचाय घेतलं.

आदी हसली, खोटं बोलत न्हाई. कोंडीबाला वाचून दाखवलं तर त्यो तर गडाबडा लोळला. म्हणाला, बिरोबानं फेडून घेतलं. मग मी त्येच्यावर वरडली. आमच्यापायी गेलं तुमचं मत. आमच्या घरात दिवा लावाय बसलात आन् तुमच्या घरची वात इजली. ज्योतिबा आजाचं तुमी मनाला लावून घेतलं व्हतं, आता मला कळतंय त्ये कसं लागतंय.

पर ‘बघू काय होतं ते’ ह्ये काय लिवणं झालं, बाई? ‘बघू’ म्हणाया मी शिकली न्हाई तुमच्याकडं. सरकारला मुदत मिळाली तशी तुमाला बी मिळाली. पाच वर्सं. तात्यांना रागवू नगा, त्येंनी खरं त्येच सांगितलं, देव खरंच नेलं व्हतं तुमी.

सोबत फारम लंबर सहा हाय. तालुक्यास्नं आणला. नाव, गाव, वय मी भरलंय, अक्षर बगा आन् चुकलं असंल तर सांगा. सही तेवढी तुमची. पोच घेतल्याबिगार खिडकी सोडायची न्हाई.

आन् पडताळणीला साहेब कवा येणार त्ये इचारून कळवा. दिवाळीच्या आदी आला तर बरं, न्हाई आला तरी येती. मेंढरं कोंडीबा बगंल. मी आन् बिरोबा, दोघंबी वाईला येऊन तुमच्या दारात बसतो.

तुमची
धोंडुबाई